व्हीगन स्वयंपाक म्हणजे फक्त महागडं बदामाचं दूध? दूध, तूप, अंडी काढल्यावर स्वयंपाकघरात नेमकं काय बदलतं, समजून घ्या!

इन्स्टाग्रामवर ‘व्हीगन रेसिपी’ असं शोधलं की सगळीकडे साधारण तेच दिसतं. ॲव्होकाडो टोस्ट, चिया पुडिंग, बदामाच्या दुधाची कॉफी आणि चीज नसलेला पण चीजसारखा दिसणारा पिझ्झा. साहित्याची यादी वाचली तर अर्ध्या वस्तू कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाहीत आणि उरलेल्या अर्ध्यांची किंमत बघून माणूस गुपचूप पुढच्या रीलवर जातो.

पण घरातच कुणी व्हीगन व्हायचं ठरवलं तर? कुणाची लेक शिकायला बाहेरगावी जाते आणि सुट्टीत आल्यावर सांगते, “आई, मी आता दूध-तूप घेत नाही.” कुणाच्या घरी डॉक्टरांनी ॲलर्जीमुळे लहान मुलाचं दूध आणि अंडी बंद केलेली असतात. अशा वेळी उद्याच्या डब्याला काय, चहाचं काय, वाढदिवसाच्या केकचं काय, हे सगळे प्रश्न एकदमच समोर येतात. आणि बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीसमोर येतात, ती म्हणजे रोज स्वयंपाक करणारी.

दिलासा असा की यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मराठी स्वयंपाकघरात आधीपासूनच आहेत. ती सापडायला एकच गोष्ट विचारावी लागते: जो पदार्थ काढून टाकला, तो त्या पाककृतीत काय काम करत होता? ते काम कळलं की ते दुसरं कोण करेल, हे शोधणं सोपं जातं.

व्हीगन म्हणजे नेमकं काय?

शाकाहारी माणूस मांस, मासे खात नाही. व्हीगन माणूस त्यापुढे जाऊन प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. म्हणजे दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, अंडी आणि मधसुद्धा नाही.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जोडून तो बनवला आणि ‘व्हीगन सोसायटी’ सुरू केली. १ नोव्हेंबरला जागतिक व्हीगन दिवस पाळला जातो, तो याच संस्थेच्या स्थापनेची आठवण म्हणून.

शब्द परदेशी असला, तरी तसं जेवण आपल्याला मुळीच परकं नाही.

आपल्या ताटात आधीच काय काय आहे?

एक यादी करून बघा. पिठलं-भाकरी, ठेचा, झुणका, मटकीची उसळ, मिसळ, भरली वांगी, थालीपीठ, कांदेपोहे, कटाची आमटी, अळूचं फतफतं, डाळ-मेथी, शेंगदाण्याची चटणी, कोकणातली सोलकढी. वरून लोणी किंवा दही घेतलं नाही तर हे सगळं व्हीगन आहे. उपवासाची शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भातसुद्धा, फक्त फोडणी तुपाऐवजी तेलाची हवी.

गोडात तर कोकण आणि गोवा खूपच पुढे आहेत. तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस म्हणजे शिरवाळे. चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस म्हणजे गोव्याचं मणगणं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि उकडीचे मोदक यांच्या सारणात गूळ-खोबरंच असतं. तूप उकडीत किंवा वरून येतं, तिथे खोबरेल तेल चालतं.

आणि केक? कोकणात तवसाची, म्हणजे मोठ्या काकडीची, तवसाळी किंवा धोंडस करतात. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं एकत्र करून खाली-वर निखारे ठेवून भाजायची ही पद्धत म्हणजे बेकिंगच. रवा तुपाऐवजी खोबरेल तेलावर भाजला की पूर्ण व्हीगन केक तयार!

दूध, दही, तूप काय काम करतात?

आता वळूया त्या पदार्थांकडे, जिथे खरोखर अडतं.

साय किंवा क्रीम रस्सा दाट आणि मुलायम करतं. हे काम आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, तीळ आणि खसखस पूर्वीपासून करत आले आहेत. पनीर बटर मसाल्यासारखी हॉटेलची ग्रेव्ही हवी असेल तर मूठभर काजू किंवा मगजबी गरम पाण्यात भिजवून बारीक वाटा. पनीरच्या जागी टोफू घेता येतो. तो सोयाबीनच्या दुधापासून बनतो. चव सौम्य असते, म्हणून आधी मीठ-मसाला लावून तेलावर परतून घेतला तर रश्शात फिका लागत नाही.

दही आंबटपणा देतं. कढीच्या जागी कोकमाचं किंवा टोमॅटोचं सार होतं. दह्यातल्या कोशिंबिरीच्या जागी खमंग काकडी आहेच. लिंबू, दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि तेलाची फोडणी घातली की तिथे दह्याची आठवणही येत नाही.

तुपाची गोष्ट जरा वेगळी आहे. गरम वरणभातावरचं तूप हा अनेकांसाठी चवीइतकाच सवयीचा आणि मायेचा विषय असतो. तसाच वास दुसऱ्या कशाला येणार नाही, हे मान्य करायला हवं. पण मराठवाडा-विदर्भात पिठल्यावर आणि ठेच्यावर कच्चं तेल घ्यायची पद्धत आहे, आणि विदर्भातल्या वडाभातावर हिंगाच्या फोडणीचं तेलच घेतात. वरणभातावर घाण्याचं शेंगदाणा तेल किंवा जिरं-हिंगाची फोडणी घेऊन बघा. चव वेगळी लागेल, पण फिकी लागणार नाही.

दूध आणि दही घरी होतं का?

होतं, आणि त्यासाठी बदाम लागत नाहीत. एक वाटी शेंगदाणे सहा ते आठ तास भिजवा. पाणी काढून टाका, सालं चोळून काढा आणि तीन वाट्या ताज्या पाण्यासोबत बारीक वाटून कपड्यातून गाळा. हे झालं शेंगदाण्याचं दूध. उरलेला चोथा फेकू नका, तो थालीपिठाच्या पिठात किंवा चटणीत जातो.

याच दुधाचं दही लावता येतं. दूध ढवळत दहा मिनिटं उकळा आणि कोमट होऊ द्या. पहिल्या वेळी विरजण कुठून आणायचं, हा प्रश्न येतो. त्यासाठी चार-पाच हिरव्या मिरच्या धुऊन देठांसकट दुधात टाका आणि उबदार जागी आठ ते दहा तास ठेवा. मिरचीच्या देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. पहिलं दही जरा पातळ लागेल, पण तेच पुढच्या वेळी विरजण म्हणून वापरा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून ते नीट लागू लागतं.

सोयाबीनचं दूध करताना एक काळजी घ्या. वाटून गाळलेलं दूध पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळलंच पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेने निकामी होतात.

नारळाचा रस वापरताना पहिला दाट रस सर्वात शेवटी, मंद आचेवर घालायचा. तो खळखळून उकळला तर त्यातली चरबी आणि पाणी वेगळं होतं आणि रस्सा फुटल्यासारखा दिसतो. कोकणातल्या घरांमध्ये नारळाचा रस घातल्यावर गॅस बारीक करतात, तो यामुळेच.

चहाचं काय करायचं?

व्हीगन होणारे बरेच जण इथेच हार मानतात. सोया दूध उकळत्या चहात ओतलं की अनेकदा फुटतं. चहा किंचित आम्लधर्मी असतो, वर कडक उष्णता मिळते, आणि मग दुधातली प्रथिनं गोळा होतात. टोफू बनतो त्यामागेही हेच गोळा होणं असतं, फक्त इथे ते नको तिथे घडतं.

उपाय सोपा आहे. चहापत्ती, साखर आणि आलं पाण्यात नेहमीसारखं उकळून घ्या. दूध वेगळं गरम करा. गॅस बंद करून चहा मिनिटभर निवू द्या आणि मग तो गरम दुधात हळूहळू गाळा. ओट्सच्या दुधात प्रथिनं कमी असल्यामुळे ते सहसा असं फुटत नाही. तरीही नेहमीच्या चहाची चव पहिल्या दिवशी येणार नाही. जीभ रुळायला थोडा वेळ जाऊ द्या.

अंड्याशिवाय केक फुगतो कसा?

केकमध्ये अंडं तीन-चार कामं एकदम करतं. फेटल्यावर हवा धरून ठेवतं, पीठ बांधून ठेवतं, ओलावा देतं आणि रंग आणतं. म्हणून ‘अंड्याला पर्याय काय’ असं विचारलं तर एकच उत्तर मिळत नाही. कोणतं काम हवंय त्यावर पर्याय ठरतो.

बांधून ठेवायचं असेल तर जवस वापरा. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की ती चिकट होते. हे एका अंड्याचं काम करतं. कुकी, मफिन किंवा कटलेटसाठी उत्तम.

ओलावा हवा असेल तर अर्धं पिकलेलं केळं कुस्करून घाला. मात्र केळ्याची चव येते, हे लक्षात ठेवा.

फेस हवा असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी कामाला येतं. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की डाळी-कडधान्यांच्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव दिलं. पुरणाच्या डाळीचं पाणी टाकून न देता त्याची कटाची आमटी करणाऱ्या घरांना या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको! घरी चणे शिजवल्यावर ते पाणी आटवून दाटसर करा, गार करा आणि इलेक्ट्रिक बीटरने फेटा. हाताने फेटून दंड भरून येतील, फेस येईलच असं नाही.

आणि फक्त केक फुगवायचा असेल तर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर पुरेसं आहे. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याचे बुडबुडे पीठ वर उचलतात. अमेरिकेत ‘वॅकी केक’ नावाचा एक केक याच तत्त्वावर होतो. दूध, लोणी आणि अंडी मिळणं कठीण झालेल्या महामंदी आणि महायुद्धाच्या टंचाईच्या काळाशी तो जोडला जातो. व्हीगन लोकांनी तो खूप नंतर आपलासा केला.

पहिला केक करायचा तर हाच करा

कोरडं साहित्य: दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको पावडर, एक लहान चमचा खाण्याचा सोडा, अर्धा लहान चमचा मीठ.

ओलं साहित्य: एक कप पाणी, पाच मोठे चमचे वास नसलेलं तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, एक लहान चमचा व्हॅनिला इसेन्स.

ओव्हन आधी १८० अंशांवर तापवून घ्या आणि आठ इंची भांड्याला तेल लावून ठेवा. कोरडं साहित्य चाळून घ्या. त्यात ओलं साहित्य घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. लगेच भांड्यात ओतून ३० ते ३५ मिनिटं भाजा. मधोमध सुरी घालून ती कोरडी बाहेर आली की झाला.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा.

दोन चुका इथे हमखास होतात. एक म्हणजे मिश्रण तयार करून ठेवणं. सोड्याचे बुडबुडे वाट बघत नाहीत, दहा मिनिटांत जोर ओसरतो आणि केक बसतो. दुसरी म्हणजे खूप ढवळणं. त्यामुळे मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक रबरी होतो. फायदाही एक आहे. यात लोण्याऐवजी तेल असल्यामुळे हा केक फ्रिजमध्ये ठेवूनही घट्ट होत नाही.

शंकरपाळी आणि नानकटाई

खुसखुशीतपणाचं गणित दिवाळीला प्रत्येक घरात मांडलं जातं. त्याचं नाव मोहन. गरम तेल किंवा तूप पिठाला चोळलं की पिठाच्या कणांवर चरबीचा थर बसतो, पाण्याशी त्यांचा संबंध कमी येतो, ग्लुटेन कमी बनतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. हे काम कडकडीत तेलही करतं. म्हणून शंकरपाळीत दुधाच्या जागी पाण्यात साखर विरघळवा आणि तेलाचं मोहन घाला, शंकरपाळी बिघडत नाही.

नानकटाईला मात्र घट्ट चरबी लागते. पातळ तेल घातलं तर ती पसरते. इथे खोबरेल तेल उपयोगी पडतं, कारण ते साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. आपल्या उन्हाळ्यात ते बाटलीत पातळच असतं, म्हणून आधी फ्रिजमध्ये थिजवून घ्या. वळलेल्या नानकटाया भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या तर आकार टिकतो.

‘एगलेस’ म्हणजे व्हीगन नाही!

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. बेकरीतल्या ‘एगलेस’ केकमध्ये अंडं नसतं, पण दूध, दही, लोणी किंवा कंडेन्स्ड मिल्क बहुतेक वेळा असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध आणि मध दोन्ही चालतं. बिस्किटं, ब्रेड, डार्क चॉकलेट, मसाला चिप्स, काही मार्जरीन यांतही दुधाचे घटक असू शकतात. यादीत ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे पावडर’, ‘केसिन’ असे शब्द दिसले तर ते दूधच आहे.

भारतात अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळे नियम आणले. त्यासाठीच्या चिन्हात हिरव्या रंगात इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर आणि त्यावर छोटं रोप असतं. आणखी एक गोष्ट म्हणजे, आपल्या नियमांनुसार ‘दूध’ हा शब्द प्राण्यांच्या दुधासाठीच आहे. म्हणून पाकिटावर तुम्हाला ‘सोया ड्रिंक’, ‘ओट ड्रिंक’ अशी नावं दिसतात.

मुलाला दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर फक्त व्हीगन चिन्हावर विसंबू नका. त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थ बनत असतील तर अंश येऊ शकतो. त्यासाठी ॲलर्जीची वेगळी सूचना वाचावी लागते.

रीलमध्ये न सांगितली जाणारी गोष्ट

ती म्हणजे व्हिटॅमिन बी-१२. वनस्पतींमध्ये त्याचा भरवशाचा स्रोत नाही. इडलीसारखे आंबवलेले पदार्थ किंवा स्पिरुलिना यांवर अवलंबून राहता येत नाही. मोठ्या माणसासाठी आयसीएमआरची २०२० ची शिफारस रोज २.२ मायक्रोग्रॅमची आहे. ही मात्रा नगण्य वाटते, पण तिच्या कमतरतेमुळे थकवा, हातापायांना मुंग्या आणि विसरभोळेपणा येऊ शकतो. यकृतात साठा असल्यामुळे दूध सोडल्यावर त्रास लगेच दिसत नाही, काही वर्षांनी दिसतो. तोवर ‘मला तर काहीच होत नाही’ असं वाटत राहतं. म्हणून व्हीगन व्हायचं तर बी-१२ ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणं, याला पर्याय नाही.

दुसरं कॅल्शियम. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, तर १०० ग्रॅम गाईच्या दुधात १२० च्या आसपास. तिळात तर नाचणीच्याही कितीतरी पट. पण धान्य-बियांमधलं सगळंच कॅल्शियम शरीराला मिळत नाही, म्हणून नाचणी, तीळ, राजगिरा, पालेभाज्या हे सगळं नियमित हवं. घरी केलेलं शेंगदाण्याचं दूध चहा-खिरीला चालतं, पण वाढत्या मुलासाठी ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत आहार ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

मग रोज दोन-दोन स्वयंपाक करायचे का?

नाही. एक साधा नियम यावर चालतो: भांड्यात सगळ्यांचं, ताटात ज्याचं त्याचं. फोडणी तेलाची द्या, तूप ताटात वाढा. कणीक दुधाशिवाय मळा, पोळीला तूप ज्याला हवं त्याने लावावं. कोशिंबिरीतलं दही शेवटी घाला आणि त्याआधी एक वाटी बाजूला काढा. भाजी कुटात किंवा खोबऱ्याच्या वाटणात करा, ती सगळेच खातात.

शेंगदाण्याचं दही दोन-तीन दिवसांतून एकदा लावायचं, वाटण आठवड्याचं करून ठेवायचं. आणि व्हीगन व्हायचं ठरवणाऱ्याने निदान शेंगदाणे भिजवणं, वाटणं आणि गाळणं एवढं तरी स्वतः करावं. निर्णय एकाचा आणि मिक्सर दुसऱ्याच्या हातात, असं फार दिवस चालत नाही!

उद्यापासून सुरुवात करायची असेल तर वाण्याच्या यादीत फक्त तीन गोष्टी वाढवा: अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो जवस आणि एक व्हिनेगरची बाटली.